घरपट्टीच्या पावतीवरचा आरोग्य कर

घरपट्टी भरल्यावर ग्रामपंचायतीकडून मिळणारी पावती आपण बहुतेक जण न वाचताच घडी घालून ठेवतो. तिच्यावर घरपट्टीबरोबर दिवाबत्ती कर, आरोग्य कर आणि पाणीपट्टी असे वेगवेगळे रकाने असतात. त्यांपैकी आरोग्य कराची रक्कम इतकी थोडी असते की तिच्याविषयी कुणी चौकशी करीत नाही. परंतु महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या आधारे वसूल होणारा हा पैसा गावानेच आपल्या आरोग्यासाठी दिलेला असतो, आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत मागितला जावा, असे मला मनापासून वाटते.

गावाच्या पैशातून आरोग्याचे पहिले काम कोणते करावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते पाण्याचे आहे. नळाला येणारे पाणी निर्जंतुक करण्यासाठी लागणारी टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ग्रामपंचायतीने खरेदी करायची असते आणि गावाच्या पाण्याची देखभाल करणाऱ्या जलसुरक्षकाने ती रोज मोजून टाकीत टाकायची असते. ही पावडर चांगल्या प्रतीची असेल तर तिच्यात सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो. पण पोते उघडे राहिले, त्याला ओल लागली किंवा वर्षाची खरेदी एकदाच करून ते कोपऱ्यात पडून राहिले, तर क्लोरीन उडून जातो आणि टाकीत नुसती पांढरी भुकटी पडत राहते. पावसाळ्याच्या तोंडावर गावात जुलाब-उलट्यांची साथ येते तेव्हा तिचे मूळ पुष्कळदा इथे किंवा गटाराला लागून गेलेल्या फुटक्या जलवाहिनीत सापडते. पाण्याच्या स्रोतांची व वितरणाची पाहणी करून ग्रामपंचायतींना लाल (जास्त धोका), पिवळे (मध्यम) किंवा हिरवे (कमी) कार्ड दिले जाते. आपल्या गावाला कोणते मिळाले, हे किती जणांना ठाऊक असते? कमानीसाठी आणि पेव्हर ब्लॉकसाठी तरतूद होते, मग दर महिन्याला ताजी पावडर आणि जलवाहिनीची दुरुस्ती यांसाठी ती आधी व्हायला हवी.

2005 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी देण्याची सोय झाली. ही सोय मोलाची आहे, पण वरून येणारा पैसा वेळेवर येईलच असे नाही. आशाताईंकडचे रक्तदाब मोजण्याचे यंत्र बिघडले किंवा रक्तातील साखर तपासण्याच्या पट्ट्या संपल्या, तर अनुदानाची वाट पाहण्यापेक्षा ग्रामनिधीतून त्या आठवड्यातच खर्च करता आला पाहिजे. स्वउत्पन्नातील 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावी लागते, त्यामुळे थकबाकी वसूल झाली की या दोन्ही रकमाही आपोआप वाढतात.

गावे आरोग्यासाठी स्वतःचा वाटा देत नाहीत, हे म्हणणे मला पटत नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने परिसरातील गावांसाठी आरोग्य विम्याची योजना उभी केली, तेव्हा लोकांनी सुगीच्या वेळी ज्वारी गोळा करून आपली वर्गणी भरली आणि ती प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे ठरवली. त्या बदल्यात काय मिळणार हे त्यांना आधीच माहीत होते. करातही हा विश्वास निर्माण झाला, तर वसुलीसाठी दाखले अडवून ठेवण्याची वेळ येणार नाही.

मात्र या साऱ्याची मर्यादा स्पष्ट असली पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर, परिचारिका, औषधे आणि रुग्णवाहिका ही शासनाची जबाबदारी आहे, आणि गावाने कर वाढवला म्हणून रिक्त पदे भरण्याचे काम लांबणीवर टाकता येणार नाही. शिवाय हद्दीत कारखाने असलेली ग्रामपंचायत आणि कुडाच्या घरांचा आदिवासी पाडा यांच्या उत्पन्नात मोठी तफावत असते. अशा पाड्यात कराच्या भरवशावर आरोग्य सोडणे सरळ अन्यायाचे होईल, म्हणून अशा गावांना शासनाने जास्तीचा निधी दिला पाहिजे.

पुढच्या अंदाजपत्रकाच्या वेळी मी आमच्या ग्रामसभेत एक ठराव मांडणार आहे: आरोग्य कराची मागणी, वसुली आणि त्यातून झालेला खर्च स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावा, तो ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि टीसीएल खरेदीच्या तारखांसह सूचना फलकावर लावावा.