माझा अनुभव: एनडीए, फ्लाइंग ब्रँच आणि दहावीच्या गुणपत्रकातला एक 'एन'

दहावीचं मूळ गुणपत्रक आणि प्रमाणपत्र कुणाच्याही हातात पोच घेतल्याशिवाय देऊ नका. बाकीचं वाचायला वेळ नसेल तरी एवढं लक्षात ठेवा, म्हणून सुरुवातीलाच लिहितोय. भाच्याला वायुसेनेचा पायलट व्हायला एनडीएत (खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) धाडताना आम्ही याच कागदापायी अडकलो होतो.

मी वायुसेनेत वीस वर्षं एअरफ्रेम फिटर (विमानाच्या सांगाड्याचं काम करणारा) होतो. शेवटची काही वर्षं लोहगावला सुखोई-30 वर काढली. पायलट कॉकपिटमध्ये बसला की शिडीवर चढून त्याचे पट्टे आवळायचे, इजेक्शन सीटच्या सेफ्टी पिना काढून त्याला दाखवायच्या, त्यानं मान हलवली की खाली उतरून शिडी काढायची. त्या शिडीच्या वरच्या पायरीपर्यंत मी रोज गेलो. आत बसणारा आपल्या घरातला असावा असं मला फार वाटायचं. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा ओंकार आठवीत असताना सुट्टीत क्वार्टरवर राहायला आला आणि चार दिवस गच्चीवरून खाली उतरला नाही, तेव्हाच मी मनात ठरवलं.

अकरावीच्या सुट्टीत पहिलं काम मापं घेण्याचं केलं. भिंतीला पाठ लावून बसवलं आणि सुताराच्या टेपनं मोजलं. पायलटसाठी उंची किमान 162.5 सेंटिमीटर लागते. बसल्यावरची उंची 81.5 ते 96, पायाची लांबी 99 ते 120 आणि मांडी 64 च्या आत. उंची भरते पण पाय आखूड पडतात अशी मुलं असतात, आणि त्यांना ते थेट मेडिकलला कळतं. मापं झाल्यावर साताऱ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन रंगांच्या ठिपक्यांची पानं वाचून घेतली. मायनस नंबरचा चष्मा असेल तर एनडीएतून फ्लाइंग मिळत नाही, हे घरच्यांनी आधीच समजून घ्यावं. दोन वर्षं पोराला रात्री जागवायचं आणि हे शेवटी कळायचं, असं कुणाच्या वाट्याला येऊ नये. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स तिन्ही हवेत. आमच्या ओळखीतल्या एका मुलानं गणित सोडून बायोलॉजी घेतलं होतं, त्याला वायुसेनेसाठी फॉर्मच भरता आला नाही.

लेखी परीक्षेबद्दल थोडक्यात सांगतो. गणिताचा पेपर 300 गुणांचा, अडीच तासांत 120 प्रश्न. दुसरा पेपर 600 गुणांचा, त्यात इंग्रजी आणि सामान्य ज्ञान. चुकलेल्या उत्तराला गुण कापतात. ओंकार एप्रिल 2024 ला गणितातच अडकला. 1 सप्टेंबरच्या परीक्षेआधी मी त्याला बजावलं होतं, येत नसेल तर गोळा रंगवायचा नाही. सप्टेंबरातच निकाल लागला, त्यात त्याचा नंबर होता.

आता खरं दुखणं.

ओंकार हे नाव मराठीत बहुधा एकाच तऱ्हेनं लिहितात. डोक्यावर अनुस्वार दिला की झालं. इंग्रजीत मात्र कुणी तिथे 'एम' लिहितं, कुणी 'एन'. आधारवर 'एम' आहे, बारावीच्या गुणपत्रकावरही 'एम'. दहावीचा फॉर्म भरताना शाळेतल्या लेखनिकानं 'एन' टाइप केला, आणि आमच्यापैकी कुणीच तो नीट वाचला नाही. यूपीएससीच्या फॉर्मात दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच नाव भरायचं असतं, तसं आम्ही 'एन'नंच भरलं. तिथं थांबायला हवं होतं. पण ऑक्टोबरात क्लासमध्ये कुणीतरी सांगितलं की नावात फरक दिसला तर वायुसेनेच्या निवडीच्या बोर्डावरून (एएफएसबी) त्याच दिवशी परत पाठवतात. बहीण घाबरली, आणि खरं सांगायचं तर मीही घाबरलो. दहावीचंच नाव दुरुस्त करून घेऊ म्हणून शाळेत गेलो.

शाळेचं नाव लिहीत नाही. दुरुस्तीचा प्रस्ताव दहावीच्या परीक्षा मंडळाकडे शाळेमार्फतच जातो. अर्ज, जनरल रजिस्टरचा उतारा, प्राथमिक शाळेचा दाखला, आधारची प्रत आणि दहावीची मूळ कागदपत्रं, असं सगळं लेखनिकानं मागितलं आणि आम्ही दिलं. मी पोच मागितली तर म्हणाला, "मेजर, आपल्याच शाळेत पोच कसली मागता?" आमच्याकडे वायुसेनेतून आलेल्यालाही मेजरच म्हणतात. वीस वर्षं मी प्रत्येक स्पॅनर सही करून घेतला आणि सही करून परत दिला. त्या दिवशी मात्र पोरगा ज्याच्या जोरावर उभा राहणार होता तो कागद सही न घेता सोडून आलो.

"दिवाळीनंतर या," म्हणाला. दिवाळीनंतर गेलो तर सगळे निवडणुकीच्या ड्युटीवर. 20 नोव्हेंबरचं मतदान झालं, मतमोजणी झाली. पुन्हा गेलो. "प्रस्ताव पाठवलाय, मंडळाकडून यायचाय." जावक क्रमांक विचारला तर रजिस्टर दुसऱ्या कपाटात आहे म्हणाला. डिसेंबरात स्नेहसंमेलन. त्या गडबडीत मी व्हरांड्यात बाकावर तासभर बसलो होतो, पोरं नाचाचे कपडे घालून समोरून धावत होती, आणि माझ्या खिशातल्या मोबाइलवर एएफएसबीचं कॉल लेटर होतं. म्हैसूर, जानेवारीचा तिसरा आठवडा. खाली स्वच्छ लिहिलेलं, मूळ मॅट्रिक प्रमाणपत्र सोबत आणणं आवश्यक. लेखनिक बाहेर आला तेव्हा त्याला ते वाचून दाखवलं. "होईल की, एवढी घाई कशाला?" हे त्याचं वाक्य मी विसरणार नाही.

मंडळाचं ऑफिस गाठायचं तर जावक क्रमांक हवा, आणि तोच मिळत नव्हता. दुय्यम प्रत मागायची तर मूळ हरवलं असं लिहून द्यायचं. हरवलेलं नसताना मी ते लिहून देणार नव्हतो. घरात बोलणंच बंद झालं. ओंकार अभ्यासाला बसायचा आणि पान उलटायचं विसरायचा. एका रात्री म्हणाला, "मामा, मी बोर्डाच्या गेटवरनं परत आलो तर तुम्ही मला न्यायला येऊ नका." त्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही.

निघायला आठ दिवस उरले होते. सकाळी शाळा उघडायच्या आधी बहिणीला घेऊन गेटवर जाऊन उभा राहिलो आणि थेट प्रभारी मुख्याध्यापिका बाईंकडे गेलो. लेखनिक रजेवर होता. बाईंनी आवाज चढवला नाही, कारणं सांगितली नाहीत, शिपायाकडून किल्ली घेऊन स्वतः कपाट उघडलं. मतदार याद्यांच्या गठ्ठ्याखाली निळी फाइल होती. त्यात आमचा अर्ज, रजिस्टरचा उतारा, आणि मूळ प्रमाणपत्र. अर्जाला स्टेपलर मारून जोडलेलं. अर्जावर मुख्याध्यापकांच्या सहीची जागा कोरी. तीन महिने तो प्रस्ताव शाळेबाहेर गेलाच नव्हता. बहिणीनं नखानं ती पिन उपसून काढली आणि प्रमाणपत्र पदराखाली धरलं, कुणी पुन्हा मागेल म्हणून. बाईंनी शाळेच्या लेटरहेडवर दोन्ही स्पेलिंगं एकाच विद्यार्थ्याची असल्याचं पत्र त्याच तासात दिलं. मी त्यांचे पाय धरायचे बाकी होतो. साताऱ्याला जाऊन त्याच मजकुराचं नोटरीचं शपथपत्र केलं.

आणि म्हैसूरला काय झालं? कागद तपासणाऱ्यानं फॉर्म आणि दहावीचं प्रमाणपत्र शेजारी ठेवलं, दोन्हीकडे 'एन' दिसला, आधारसाठी शपथपत्र ठेवून घेतलं. दोन मिनिटं. नाव दुरुस्तीची त्या क्षणी गरजच नव्हती. फॉर्म आणि दहावी जुळत होतं, तेवढं पुरलं. म्हणून सांगतो, फॉर्म भरून झाल्यावर दहावीच्या कागदाला हात लावू नका. बदलायचंच असेल तर आधार बदला. तेही आधीच, कारण आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं.

पुढचं सगळं भराभर झालं. पहिल्या दिवशी बुद्धिमत्तेची चाचणी आणि चित्रावरून गोष्ट. 30 सेकंद चित्र बघायचं आणि चार मिनिटांत लिहायचं, मग गटात चर्चा. बरीच मुलं त्याच दिवशी परतली. ओंकार मराठी माध्यमाचा. दोन वर्षं मी त्याला रोज इंग्रजी पेपरातली एक बातमी मोठ्यानं वाचायला आणि मग पेपर मिटून स्वतःच्या शब्दांत सांगायला लावत होतो, ते इथे कामी आलं. पाठ केलेल्या गोष्टी लिहू नकोस, एवढीच ताकीद दिली होती. मुलाखतीत पायलटच का व्हायचंय असं विचारल्यावर त्यानं माझ्या पिनांची गोष्ट सांगितली. मी सांगायला सांगितलं नव्हतं. हे त्यानं घरी आल्यावर सांगितलं तेव्हा मी मागच्या दारी जाऊन उभा राहिलो.

सीपीएसएस ही पायलटची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर एनडीए, सीडीएस (यूपीएससीची पदवीनंतरची सैन्यदलांची परीक्षा), एफकॅट (वायुसेनेची स्वतःची परीक्षा), कुठूनही फ्लाइंग नाही. त्यामुळे आदल्या रात्री झोप पुरी घेणं हीच तयारी. बंगळुरूच्या मेडिकलआधी कानातला मळ डॉक्टरकडून काढून घ्या. आणि हो, भरतीच्या त्या प्रकारात (इथे एनडीए) बोर्डाला पहिल्यांदाच जात असाल तर रेल्वेचं भाडं मिळतं, तिकीट टाकून देऊ नका.

आणखी एक आठवलं. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेची प्रवेश परीक्षा असते, संस्था 1977 पासूनची आहे. आम्हाला ते उशिरा कळलं. मुलींसाठी आता नाशिकला तशीच संस्था आहे. आमच्या वेळी एनडीएत वायुसेनेच्या 120 जागांपैकी 92 फ्लाइंगच्या होत्या आणि त्यांत मुलींना दोन. शेजारच्या दहावीतल्या मुलीला मी हा आकडा लपवला नाही, आणि पदवीनंतर एफकॅटची वाट आहे हेही सांगितलं. तिची मापं घेतली आहेत, भरतात. तिच्या दहावीच्या फॉर्मातलं प्रत्येक अक्षर आम्ही तिघांनी बोट ठेवून वाचलं.

ओंकार जुलै 2025 मध्ये 154 व्या कोर्सबरोबर खडकवासल्यात दाखल झाला. सोडायला आम्ही सगळे गेलो होतो. आधारवर आता 'एन' करून घेतलाय, केंद्रावर अर्धा तास लागला. बहीण मात्र पाकिटावर अजून 'एम'च लिहिते. पत्र त्याला मिळतं, खाली स्क्वाड्रन आणि कॅडेट नंबर बरोबर असतो.