कळस दिसला की धावायचं

वेळापूरच्या उतारावर मी तीनदा धावले आहे. तुकोबारायांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, म्हणून माउलींच्या पालखीबरोबर आपणही धावायचं, अशी रीत. आपल्यापैकी कुणालाच कळस दिसत नाही, तरी सत्तरीच्या आजीसुद्धा डोक्यावरचं तुळशीवृंदावन सावरत धावतात.

मिलानला नोकरी करणारा भाचा एकदा फोनवर म्हणाला, "मावशी, इथेही असा एक डोंगर आहे. तिथून रोमचा घुमट दिसला की यात्रेकरू गाणी म्हणायचे. मोंते मारिओ. जुनं नाव आनंदाचा डोंगर." झालं. ताईने त्याच आठवड्यात नवे बूट आणले. ती अठ्ठावन्नची, मी बावन्नची.

त्या डोंगरावरून रोममध्ये उतरणारी ही यात्रेकरूंची जुनी वाट म्हणजे फ्रान्चीजेना. इंग्लंडातल्या कँटरबरीहून निघून आल्प्स ओलांडून रोमला पोचते. सन ९९० मध्ये सिजेरिक नावाचे आर्चबिशप रोमहून घरी परतताना वाटेतले ७९ मुक्काम टिपून ठेवून गेले. मुक्कामांचं छापील पत्रक वाटणाऱ्या आपल्या दिंडीप्रमुखांचे हे पूर्वजच म्हणायचे. सगळी वाट चालायला तीन महिने हवेत. आम्ही बोल्सेनापासून शेवटचे सात दिवस चाललो, साधारण १४० किलोमीटर.

बोल्सेनाचं सरोवर म्हणजे ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखात साठलेलं पाणी, अशा सरोवरांत युरोपातलं सगळ्यांत मोठं. गावात संत क्रिस्तीनाचं देऊळ आहे. (ताई शेवटपर्यंत चर्चला देऊळच म्हणत होती, मलाही तीच सवय लागली.) १२६३ साली एका शंकेखोर पाद्र्याच्या हातातल्या प्रसादाच्या भाकरीतून इथे रक्त ठिबकलं, अशी श्रद्धा आहे. डाग पडलेले संगमरवराचे तुकडे इथे जपलेत. डागाळलेलं वस्त्र डोंगरापलीकडे ऑर्व्हिएतोच्या कॅथेड्रलात असतं. आमच्या यात्रेच्या पुस्तिकेवर पहिला शिक्का इथला. प्रत्येक मुक्कामी असा शिक्का घ्यायचा. निदान शेवटचे शंभर किलोमीटर पायी केल्याचं त्यावरून दिसलं, तरच रोमला प्रमाणपत्र मिळतं. ताई म्हणाली, "पांडुरंग कधी शिक्के मागत नाही हं."

निघाल्यावर तासाभरात पुढच्या मुक्कामाचा, मोंतेफियास्कोनेच्या देवळाचा घुमट टेकडीवर दिसायला लागला. बसने आलं असतं तर "अरे वा, मोठा आहे" म्हणून फोटो काढून मोकळे झालो असतो. पायी येणाऱ्याला तो दिवसभर पुरतो. झाडीत गडप होतो, वळणावर पुन्हा वर येतो, दुपारी नखाएवढा, चार वाजता कढईएवढा. रस्ता मात्र काही कमी होत नाही. पंढरीच्या वाटेवर पुढे दिंडीच्या पताका असतात, मागे टाळ. इथे फक्त आमच्या काठ्यांचा आवाज. पहिले दोन दिवस ती शांतता मला सोसवली नाही, खरं सांगते. मग ताईने हरिपाठ सुरू केला. द्राक्षांच्या मळ्यातला एक म्हातारा टोपी काढून, आम्ही वळणाआड होईपर्यंत उभा राहिला.

मोंतेफियास्कोनेच्या पुढे रोमनांचा जुना कासिया रस्ता लागतो. दोन हजार वर्षांपूर्वी बसवलेल्या काळ्या फरशा अजून जागच्या जागी आहेत. वाकून हात लावला तर ओळखीचाच दगड, बसाल्ट. सह्याद्रीही त्याचाच. गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खाचांत आदल्या रात्रीचं पाणी होतं आणि एक गोगलगाय फरशीवरून इतक्या सावकाश चालली होती की ताई म्हणाली, "ही बघ, आपली दिंडी." उतारापलीकडे बाञ्याच्चोची गरम पाण्याची कुंडं आहेत. गंधकाचा वास सहन झाला तर पायांना त्याहून मोठं सुख नाही. आम्ही अर्धा तास म्हणून बसलो आणि दोन तासांनी उठलो.

व्हितेर्बोचा पोपचा वाडा मला या वाटेवरची सगळ्यांत गमतीची जागा वाटली. १२६८ साली पोप चौथे क्लेमेंत इथे वारले आणि नवा पोप निवडायला जमलेल्या कार्डिनलांचं तीन वर्षं होत आली तरी एकमत होईना. गाव खर्चाने टेकीला आलं. लोकांनी त्यांना कोंडलं, जेवण तोडलं आणि शेवटी वाड्याचं छप्पर काढलं. १२७० सालच्या एका पत्रावर लिहिल्याचं ठिकाण म्हणून चक्क 'बिनछपराच्या वाड्यात' असं नोंदवलंय. फरशीतली भोकं तंबूच्या खुंट्यांची, असं सांगतात. १२७१ मध्ये निवड झाली तीही तिथे नसलेल्या माणसाची, दूर पॅलेस्टाइनकडे गेलेल्या दहाव्या ग्रेगरींची. पोप निवडताना दार बंद ठेवायचा नियम त्यांनीच पुढे केला. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा आठवून आम्ही दोघी त्या भव्य दालनात खुसखुसत होतो.

इथल्या मुक्कामी मोठी बॅग ठेवली आणि पाठीवर पडशीएवढं ओझं घेऊन निघालो. वेत्राल्लाला एकादशी आली. मालकीणबाईंनी आक्वाकोत्ता केलं होतं, शब्दशः 'शिजवलेलं पाणी': कडू पालेभाजी, बटाटा, खाली शिळा पाव, वर अंडं. ताईने त्यातले बटाटे मागितले. बाईंना काही समजेना. एवढी चालून आलेली बाई उपाशी का राहते? शेवटी त्यांनी उकडलेले बटाटे आणि मूठभर हेझलनट आणून ठेवले आणि ताई संपवेपर्यंत समोरून हलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्याच हेझलनटच्या बागांत आम्ही चुकलो. लाल-पांढरी खूण एका झाडावर असते, पुढची झाडं सगळी सारखी. तीन किलोमीटर उलट गेल्यावर एक कुत्रा भेटला, मेंढरं राखणारा, वासराएवढा. त्याने आम्हाला भुंकून योग्य दिशेला लावलं.

सुत्रीला पोचलो तेव्हा म्हणून उशीर झालेला. पण तिथलं रोमन अँफिथिएटर पाहिलं आणि पायांची तक्रार थांबली. ते बांधलेलंच नाही. अख्खी टेकडी कोरून काढलंय, पायऱ्या, बोगदे, मधलं मैदान सगळं एकाच दगडातून. हा टफ, ज्वालामुखीच्या राखेचा दगड, रंगाने जांभ्यासारखा, नखाने ओरखडा उठेल इतका मऊ. शेजारच्या कड्यात एट्रुस्कन लोकांच्या, म्हणजे रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्यांच्या, थडग्यांच्या ओवऱ्या. त्यातलीच एक गुहा पुढे मिथ्रास नावाच्या रोमन देवाचं देऊळ झाली, मग गर्भवती मेरीचं. मार्गदर्शक मुलीने कुलूप काढलं, दिवा लावला. लेण्याद्रीला बौद्ध विहारात गणपती बसलेला पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये, पण प्रवेशाच्या भिंतीवर जे होतं त्याने मी थबकले. चित्रातही यात्रेकरू होते, मिखाएल देवदूताच्या गार्गानो डोंगराकडे निघालेली रांग. रंग उडालाय, चेहरे अर्धे पुसलेत, चाल मात्र ओळखू येते. तीच थोडी पुढे झुकलेली.

काम्पान्यानोचा टप्पा चढाचा आणि उन्हाचा. मध्ये त्रेया नदीवरचा मोंते जेलातोचा छोटा धबधबा लागतो, तिथे डबा खाल्ला. एवढंच.

ला स्तोर्ता हे आता रोमचं उपनगर, गाड्यांचा नुसता धूर. रस्त्याकडेला लहानसं देऊळ आहे. १५३७ मध्ये रोमला जाताना इग्नेशियस लोयोलांना इथे दर्शन झालं, असं मानतात. तीन वर्षांत त्यांच्या जेझुइट या धर्मगुरूंच्या संघाला मान्यता मिळाली आणि त्यांचे सोबती फ्रान्सिस झेवियर १५४२ ला गोव्यात उतरले. जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चमध्ये ताईने आणि मी झेवियरांच्या शवपेटीपुढे तीन तास रांग लावलेली. त्यांचा उजवा हात मात्र रोमच्या जेझू चर्चमध्ये आहे. "म्हणजे आपण अर्धं दर्शन आधीच घेतलंय," ताई म्हणाली.

शेवटच्या दिवशी मोंते मारिओ. उंची जेमतेम १३९ मीटर, तरी रोमची सगळ्यांत उंच टेकडी. झाडीतून कठड्याशी आलो आणि समोर संत पीटरचा घुमट. मायकेलअँजेलोने आराखडा केला, पुरा झाला १५९० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर २६ वर्षांनी. त्यानेही कळस पाहिला नाही. आम्हाला तो भरदुपारी स्वच्छ दिसत होता. ताईने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्या गुडघ्याकडे. "दहा पावलं," ती म्हणाली आणि सुटली. उतार नागमोडी, दगडगोट्यांचा. कुत्रं फिरवणारा एक माणूस बाजूला झाला. चाळीस पावलं तरी झाली असतील.

देवळात पीटरचा काशाचा पुतळा आहे. शतकानुशतकं हात लावून लावून त्याच्या उजव्या पायाची बोटं गुळगुळीत, एकसंध झालीत. ताईने पायावर हात ठेवला, कपाळाला लावला आणि डोकं टेकवायला वाकली, तोच रखवालदाराने खांद्यामागून म्हटलं, "आवांती, आवांती." शब्द इटालियन, सूर थेट पंढरपूरच्या गाभाऱ्यातला: चला, पुढे चला.

शेवटचा शिक्का घेतला. बॅग व्हितेर्बोत होती, म्हणून सान पिएत्रो स्टेशनवरून लोकल पकडली. पाच दिवसांची वाट दोन तासांत उलटी सरकली. परतीच्या पालखीबरोबर फार थोडे चालतात, आम्हीही कधी चाललो नाही. सिजेरिकबुवांनी यादी लिहिली ती मात्र परतीचीच.

ताई डुलक्या घेत होती. एका स्टेशनावर डोळे न उघडता तिने विचारलं, "कुठलं गाव गं?"

"वेत्राल्ला."

"बटाट्यांचं," ती म्हणाली आणि कूस बदलली.