‘कनेक्टिंग गेली’ असं सांगून इंजिन उतरवायला निघाले, तर आधी डावं केस उघडायला लावा : जुन्या बुलेटच्या आवाजांचा माझा अनुभव

गाडी कास्ट आयर्न इंजिनची जुनी बुलेट ३५०. ७० बाय ९० मिलिमीटर बोअर-स्ट्रोक, चार गिअर, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. लांबच्या प्रवासासाठीच ठेवलेली. आयडलिंगला डाव्या बाजूने ठक-ठक यायला लागली आणि गॅरेजमध्ये गाडी बंद करायच्या आतच निकाल लागला : कनेक्टिंग (पिस्टन आणि क्रँक जोडणारी रॉड) गेली, इंजिन उतरवा, क्रँक (इंजिनचा मुख्य शाफ्ट) मशीन शॉपला पाठवा. तिथून पुढे सगळं अडलं. त्या अडकण्याबद्दलच सांगायचंय, कारण या एका आवाजापायी कितीतरी चांगली इंजिनं विनाकारण खोलली जातात.

मागच्या बाजूचे आवाज तासाभरात वेगळे काढता येतात. उतारावर इंजिन बंद करून, गिअर न्यूट्रलला ठेवून गाडी सोडायची. तरीही आवाज आला तर तो मागची चेन, चाकाचे बेअरिंग किंवा ब्रेकचा. थ्रॉटल सोडता-देताना ‘धडक’ बसत असेल तर मागच्या हबमधले रबर. चाक धरून स्प्रॉकेट पुढेमागे हलवलं की रबर संपलेत का ते हातालाच कळतं. चेन मागच्या स्प्रॉकेटवरून बाहेर ओढून बघा, अर्धा दात दिसला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलायचे.

क्लचची परीक्षा गाडी उभी असतानाच होते. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि लिव्हर दाबल्यावर थांबते, म्हणजे गिअरबॉक्सच्या शाफ्टचे बेअरिंग, कारण लिव्हर दाबल्यावर त्या शाफ्टवरचा जोर जातो. उलट लिव्हर दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर क्लच ड्रमचे (क्लचच्या बाहेरच्या, चेनने फिरणाऱ्या डब्याचे) बेअरिंग किंवा क्लच रॉड (लिव्हरचा दाब क्लचपर्यंत नेणारी सळई). क्लच लागलेला असतो तेव्हा ड्रम आणि मधला हब एकत्रच फिरतात, त्यामुळे ते बेअरिंग गप्प असतं. लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर मोकळा खेळ नसेल तर रॉडवर सतत दाब राहतो, आणि मग क्लचच्या प्लेटही सरकतात, आवाजही येतो. केबल आधी सैल करा, मगच क्लच उघडायचं ठरवा.

माझ्या गाडीचा आवाज या कशानेच बदलत नव्हता. न्यूट्रल असो, गिअर असो, लिव्हर दाबलेली असो वा सोडलेली, आरपीएमबरोबर येणार. म्हणजे आवाज इंजिनच्या शाफ्टवरच्या वस्तूंचा. आणि इथेच बहुतेक मेकॅनिक एक पायरी गाळतात. क्रँकवर कनेक्टिंग रॉडशिवाय डाव्या टोकाला, डाव्या केसच्या आत, आणखी दोन गोष्टी आहेत, प्रायमरी चेनचं (इंजिनकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनचं) स्प्रॉकेट आणि अल्टरनेटरचं (वीज तयार करणाऱ्या भागाचं) मॅग्नेट. मॅग्नेटचा नट सैल झाला आणि चावी (मॅग्नेट शाफ्टवर अडकवून ठेवणारा छोटा धातूचा तुकडा) झिजली की अगदी कनेक्टिंगसारखाच ठोका येतो. जाड धातूवर जाड धातू, दोन्हीकडे तेच. पण मी हे सांगितलं की उत्तर एकच यायचं : ‘असले आवाज रोज ऐकतो आम्ही.’ गाडी तशीच उभी, मशीन शॉपची तारीख पुढे ढकललेली, आणि डावं केस उघडायला कोणी तयार नाही, कारण इंजिन उतरवायचंच आहे तर केस वेगळं कशाला बघायचं! याचा मला अजूनही राग येतो. केस उघडायला लागतं काय? गाडी सेंटर स्टँडवर, डावा फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल काढायचं, खाली ट्रे ठेवायचा, मधला एकच नट खोलायचा. इंजिन उतरवणं आणि हे यात कामाचा केवढा फरक आहे.

केस उघडायच्याही आधी दोन गोष्टी तपासता येतात. या बुलेटमध्ये प्रायमरीचं, म्हणजे डाव्या केसमधलं, ऑइल आणि इंजिनचं ऑइल वेगळं असतं. इंजिन ऑइलमध्ये धातूची चमक नसेल आणि प्रायमरीच्या ऑइलमध्ये असेल, तर कनेक्टिंगवर संशय कशाला घ्यायचा? दुसरं, आवाज कधी वाढतो ते बघा. कनेक्टिंगचा ठोका भाराखाली वाढतो, म्हणजे वरच्या गिअरमध्ये चढावर थ्रॉटल दिला की जड होतो. सैल मॅग्नेट आयडलिंगला मोठ्याने आणि अनियमित ठोकतं, आरपीएम जरा वाढवले की बरंचसं दबतं. घाटात गाडी गप्प आणि सिग्नलला ठोकतेय, हे लक्षण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

शेवटी केस उघडून घेतलं. स्टेटरचे (मॅग्नेटभोवतीच्या स्थिर तारांच्या गुंडाळ्यांचे) तीन नट काढले, स्टेटर अलगद बाजूला घेतला (वायर ओढायची नाही, ती मागून ग्रोमेटमधून जाते). इंजिनचं स्प्रॉकेट एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हाताने मॅग्नेट पुढेमागे फिरवलं आणि ते शाफ्टवर वेगळं हललं, ठक आवाजासकट. चावीच्या खाचेभोवती तांबूस गंजासारखी पेस्ट होती, ती घासणीची खूण. कनेक्टिंगची खात्रीही तिथेच होते : प्लग काढा, पिस्टन स्ट्रोकच्या मध्यावर आणा, स्प्रॉकेट धरून क्रँक अगदी थोडा पुढेमागे हलवा. पिस्टन हलायच्या आधी रिकामा खेळ लागला तर रॉड गेलेली, नाही लागला तर इंजिनला हात लावू नका. माझ्या गाडीत नव्हता.

दुरुस्तीला लागल्या दोन वस्तू, नवीन अर्धचंद्राकृती चावी आणि नवीन लॉक वायसर. दोन्ही पुण्यात नाना पेठेत मिळाल्या. शाफ्टची खाच रुंद झाली असेल तर मात्र नवी चावीही हलेल, तेव्हा चावी हाताने बसवून खेळ तपासा. लॉक वायसर जुना परत वापरू नका, दुमडलेला पत्रा दुसऱ्यांदा दुमडताना तुटतो. मॅग्नेट काढल्यावर जमिनीवर ठेवू नका, लोखंडाचा कीस चिकटून आत जातो.

स्टेटर बसवताना मॅग्नेटभोवती चारही बाजूंनी साधारण ०.२ मिलिमीटर अंतर हवं. स्टीलचं फिलर गेज (अंतर मोजायची पातळ पट्टी) मॅग्नेटला चिकटतं आणि माप चुकतं. जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी जवळपास तेवढ्याच जाडीची असते. ती मॅग्नेटभोवती गुंडाळायची, त्यावर स्टेटर बसवायचा, नट थोडेथोडे आळीपाळीने आवळायचे आणि पट्टी ओढून काढायची. अंतर एका बाजूला कमी राहिलं तर मॅग्नेट स्टेटरला घासून किणकिण येते आणि ती पुन्हा चेनची समजली जाते.

केस उघडलंच आहे तर प्रायमरी चेनचा खेळही बघून घ्या. वरच्या बाजूला मध्यभागी पाव इंच, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटर, इंजिन थंड असताना. क्रँक फिरवत चार-पाच जागी मोजा, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. सगळ्यात घट्ट जागेचं माप धरायचं. बुलेटचा गिअरबॉक्स इंजिनला पक्का बोल्ट केलेला असल्याने मागची चेन ताणल्याने हिच्यावर काहीच परिणाम होत नाही. ही केसच्या खालच्या बोल्टने टेन्शनर (चेनला खालून दाब देणारी पट्टी) वर उचलूनच आवळावी लागते. सैल चेन आयडलिंगला खुळखुळते आणि केसला घासते. पण आवाज घालवायला ती जास्त आवळली तर शिट्टीसारखा आवाज येतो आणि क्रँक व गिअरबॉक्स दोन्हींचे बेअरिंग जातात.

चेन बदलायची वेळ आली तर तिला जोड नसतो. इंजिन स्प्रॉकेट, चेन आणि क्लच ड्रम एकत्रच बाहेर येतात, पुलर लागतो. हातोडीने ठोकू देऊ नका. तेवढं उघडलंत तर मागच्या चेनचं पुढचं स्प्रॉकेट आणि गिअरबॉक्सचं ऑइल सीलही बघा, ते क्लचच्या मागेच असतं आणि त्यासाठी एरवी हेच सगळं परत खोलावं लागतं. क्लचच्या तिन्ही स्प्रिंग शेजारी उभ्या ठेवून उंची तपासा. एक जरी बुटकी निघाली तर प्रेशर प्लेट (बाकीच्या प्लेट दाबून धरणारी) तिरकी उचलते, तेव्हा तिन्ही बदला. नंतर लिव्हर दाबून किक फिरवा, प्लेट डुलत नसेल तर काम झालं. केस बंद करताना रबरी सील नीट खाचेत बसवा, मधला नट बेताने आवळा आणि लेव्हल स्क्रूपर्यंतच ऑइल भरा. घर्षण कमी करणारी कुठलीही पूरक बाटली त्यात घालू नका, प्लेट सरकतात.