आमची वाटचाल : डोंगर कापायचा, पण माती धरून

डोंगर कापून प्लॉट सपाट करून द्यायचा धंदा चालू केला एका सेकंडहँड जेसीबीवर, चिपळूणात. आज दोन पोकलेन आहेत, ब्रेकर आहे आणि ज्याच्यावर माझा खरा जीव आहे ती डम्पी लेव्हल (उंचसखलपणा मोजायची दुर्बीण) आहे, तिला कोणी हात लावलेला मला चालत नाही. मधली वर्षं हप्ते फेडण्यात गेली, त्यात सांगण्यासारखं काय नाही.

सांगायचंय ते रेटचं. आम्ही डोंगर उभा कापत नाही. पायऱ्या पाडतो, वरच्या अंगाला पाणी वळवायला गटार, खाली गॅबियन (दगड भरलेल्या तारेच्या जाळीची भिंत), उतारावर काथ्याची जाळी आणि वाळा. ह्याला पैसे लागतात. आमच्याच लायनीतला एक जण (नाव घेत नाही, डंपर सगळे ओळखतात) निम्म्या रेटमध्ये भिंतीसारखं सरळ कापून द्यायचा आणि माती खालच्या पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, लोटून मोकळा. जांभ्याखालची ती पांढरट चिकणमाती उघडी पडली नि पाणी प्यायली की थांबत नाय, हे त्याला माहीत नव्हतं असं थोडीच आहे. पण पार्टीला प्लॉट सपाट दिसला की झालं, आमची कोटेशनं पडून.

नियम नाहीत असं नाही हो. १:५ (पाच फूट आडवं गेल्यावर एक फूट चढ) किंवा त्याहून चढ्या उताराच्या डोंगराळ जमिनीवर कापाकापी चालत नाही. गौण खनिजाची (माती, मुरूम, दगड) परवानगी, रॉयल्टी, विनापरवाना उचललं तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, मशीन जप्त ते वेगळं. पण साइटवर मोजतात काय, तर ब्रास, म्हणजे माती किती काढली तेवढंच! काढलेली माती पावसात जाणार कुठं, हे मला आजवर एका साहेबानं विचारलेलं नाही.

मग आला २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा महापूर. आमचं यार्ड पाण्याखाली, काथ्याचे रोल फुगून फुटले, मशीनच्या वायरिंगची वाट लागली, इन्शुरन्सवाल्यांनी पण रडवलं. त्याच पावसात त्या निम्म्या रेटवाल्या भाऊंची कटिंग खाली आली आणि नंतर तपासणीच्या नावाखाली मशीन कोणाची बंद, तर सगळ्यांची. धंदा बंद करायच्या गोष्टी घरात चालू झाल्या होत्या. पुढं वाशिष्ठी नदीतला गाळ काढा म्हणून आंदोलन झालं, बरोबरच होतं ते, पण हा सगळा गाळ काय आभाळातून पडला काय?

तेव्हा पाठीशी राहिले ते गुहागर रोडचे एक काका, रिटायर होऊन मुंबईहून आलेले. त्यांची गॅबियन मी उभं राहून भरून घेतलेली, मोठे दगड तोंडाला, बारीक आत, मागं जिओटेक्स्टाईल (पाणी सोडणारं, माती अडवणारं कापड). त्या पावसात जाळीतून पाणी नितळ येत होतं, माती जागेवर, काकांनी व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि पुढची कामं त्याच्यावरच आली.

एक सांगतो, कोणाकडूनही करा, पण रिटेनिंग वॉलचं शेवटचं बिल देण्याआधी वीप होलमध्ये (पाणी बाहेर जायला भिंतीत ठेवलेल्या भोकांत) सळई घालून बघा, निम्म्या ठिकाणी पाइप नुसता तोंडाला लावलेला असतो. आणि काम दिवाळीनंतर लगेच सांगा. मे महिन्यात फोन करून "पावसाच्या आत होईल ना?" विचारलंत तर आमच्याकडून "नाही" असंच उत्तर येणार.