तुम्ही विचारलंत म्हणून : मी 'दवाई' का म्हणतो

मराठी भाषा दिन आला की माझ्या मेडिकलच्या काउंटरवर टेकून कोणीतरी विचारतंच. "एवढं मराठी वाचता, मग दिवसभर दवाई-दवाई काय? 'औषध' म्हणायला जीभ जड होते का?"

दवाखान्यात जाताना अरबी 'दवा' आणि फारसी 'खाना' तुम्हाला बरे चालतात. शिवाय आपलं नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, हिंदी इथं पाहुणी नाही. हे मी दरवेळी ऐकवतो. खरंही आहे ते, पण कारण ते नाही.

आधी मीच लोकांना टोकायचो. फवारणीच्या डब्याला कोणी औषध म्हटलं की माझं प्रवचन सुरू. औषध आलं ओषधीवरून, अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश सांगतो 'ओषध्यः फलपाकान्ताः', म्हणजे फळ पिकलं की जी मरते ती वनस्पती. त्या हिशेबानं तुमची तूर, ज्वारी हीच ओषधी. तिच्यावर विष मारता आणि त्याला औषध म्हणता? इंग्रजीतलं 'मेडिसिन' बघा, लॅटिन 'मेदेरी'पासून, म्हणजे बरं करणं. किती सरळ! ग्रीक 'फार्माकोन' तेवढा घोटाळ्याचा, दवा आणि विष दोन्ही त्यातच. मी हसायचो त्या ग्रीकांना. माझ्या परवान्यावर 'फार्मासिस्ट' लिहिलंय, ते त्याच शब्दातून आलंय, हे तेव्हा सोयीनं विसरायचो.

मग एका संध्याकाळी गावाकडून चुलतभावाचा फोन. दुकानात गर्दी.

"दादा, बाबाच्या पोटात औषध गेलं न."

काकाच्या बीपीच्या गोळ्या मीच पाठवल्या होत्या. मी विचारलं, "जेवणाआधी का जेवणानंतर?"

पलीकडे शांतता. मला वाटलं, रेंज गेली. गिऱ्हाइकाला सुटे पैसे दिले, आणि वर म्हणालो, "नियमित घ्यायला सांग त्याला." तेव्हा तो ओरडला, "कपाशीचं औषध, दादा!"

रात्री काकाला दवाखान्यात घेऊन आले. डॉक्टरनं पहिलं काय विचारलं? "कोणतं औषध? डबा आणला का?" डॉक्टर, नर्स, गाडीवाला, सगळ्यांना तो शब्द नीट कळत होता. फक्त मला कळला नव्हता, अमरकोश पाठ असलेल्याला. काकाच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. उतारा म्हणून अॅट्रोपिन दिलं, आणि तेही मूळचं बेलाडोना या विषारी झाडातलं.

काका वाचला. फवारताना गेलं की मुद्दाम, घरात आजवर कोणी विचारलेलं नाही. मीही नाही. माझ्या त्या दोन-तीन मिनिटांनी काही बिघडलं असतं का, हेही डॉक्टरला विचारायची हिंमत झाली नाही.

तेव्हापासून 'औषध' तोंडातून निघत नाही. व्युत्पत्ती वगैरे त्यात काही नाही. समोरच्याला नेमकं काय म्हणायचंय ते आधी ऐकावं, एवढंच ठरवलं होतं, आणि मग शब्दच बदलून बसलो. ही पळवाट आहे असं बायको म्हणते. असेल.

त्यातही पुन्हा, गावाकडे 'दवाई मारली' असंही म्हणतातच. मग मी काय मिळवलं?

परवाच एक पोरगा आला. "काका, दवाई आहे का? उंदराची."

मी म्हटलं, "नाही." आणि तो रस्ता ओलांडून जाईपर्यंत बघत राहिलो.