न पोहोचलेलं पत्र

आज बी.ए.च्या वर्गात 'रोमिओ अँड ज्युलिएट'चा पाचवा अंक संपवला. मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, "मॅडम, ते पत्र रोमिओपर्यंत का पोहोचलं नाही?" ज्युलिएट मेलेली नाही, औषधानं झोपली आहे, हे सांगणारं ते पत्र नेणाऱ्या साधूला प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडलं होतं, म्हणून. बस्स, एवढंच. वर्ग एकदम गप्प. कोविडमध्ये गल्लीच्या तोंडाला बांधलेले बांबू सगळ्यांनाच आठवले असणार.

संध्याकाळी रंकाळ्यावर बसले तरी मनात तेच. ज्युलिएटचं अजून चौदावं वर्षही संपलेलं नाही. ती जागी होते, तर ती मेली समजून रोमिओ विष पिऊन शेजारी मरून पडलेला, पेल्यात विषाचा थेंबही नाही. ओठांवर थोडं राहिलं असेल म्हणून त्याचं चुंबन घेते, तर ओठ अजून गरम! इथं माझा आवाज दरवेळी अडतो.

प्रेमासाठी मेली, असं आपण पटकन म्हणतो. मला नाही पटत. तिला जगायचंच होतं, म्हणून तर तिनं ते मेल्यासारखं झोपवणारं औषध घेतलं. बापानं दुसऱ्याशी ठरवलेलं लग्न गुरुवारचं बुधवारवर आणलं, ती घाई कुणी मोजायची?

तास संपल्यावर ती मुलगी परत आली होती. "उद्या शेवट पुन्हा वाचूया का?"

वाचणार आहोत.