मधले तीनशे जीबी कुणी वापरले?

आमच्या इंटरनेट कंपनीकडे तक्रार नोंदली गेली होती ‘नेट बंद’ अशी. लाइनमनने जाऊन ओएनटीच्या, म्हणजे घरातल्या फायबरच्या डब्याच्या, टोकाला पॉवर मीटर लावला, तर −१९ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) प्रकाश येत होता. जीपॉन म्हणजे एका फायबरवर अनेक घरं जोडायची पद्धत; तिचा क्लास बी+ ओएनटी त्याहून मंद, −२७ डीबीएमपर्यंतच्या प्रकाशावर चालतो, म्हणजे फायबर ठणठणीत. पीपीपीओई सेशन, म्हणजे ग्राहकाचं लॉगिन, चालू, आयपी पत्ता मिळालेला, पिंगही (चाचणीचं छोटं पॅकेट) जात होता. फक्त उत्तर कधी ४० मिलिसेकंदांत यायचं, कधी दोन सेकंदांनी. असं दिसलं की आधी कोटा बघायचा.

प्लॅन होता दोन्ही दिशांना ३० एमबीपीएसचा, महिन्याला १००० जीबी, त्यानंतर १ एमबीपीएस. बिलिंगच्या महिन्यातल्या १९व्या दिवशी पोर्टलवर वापर १००३ जीबी. आता १ एमबीपीएस म्हणजे अगदीच शून्य नव्हे, महिनाभर सलग चालला तर त्यातूनही ३२४ जीबी जातात. पण या घरी बाहेर लावलेला एक कॅमेरा चोवीस तास साधारण १ एमबीपीएसने क्लाउडवर रेकॉर्डिंग चढवत होता. वेग कमी झाल्यावर अपलोडची सगळी वाट त्यानेच अडवली. डाउनलोड करताना पोचपावतीची छोटी पॅकेट सतत वर जावी लागतात. ती कॅमेऱ्याच्या मागे रांगेत अडकली की डाउनलोडही खोळंबतं. ग्राहकाच्या लेखी नेट बंदच.

कॅमेरा काढून ठेवायला सांगितल्यावर पानं उघडू लागली आणि तिकीट तिथंच मिटलं असतं. ग्राहकाने राऊटरच्या पानाचा फोटो पाठवला. डाउनलोड ४३६ जीबी, अपलोड २०४ जीबी, एकूण ६४०. सोबत एकच ओळ: ‘साहेब, माझा राऊटर ६४० म्हणतोय आणि तुमचं पोर्टल १००३. मधले कुणी वापरले?’

या प्रश्नाला मदतकक्षाकडे ठरलेलं उत्तर असतं: मोजमापाच्या पद्धतीत फरक पडतो. उत्तर खोटं नाही, पण त्याने किती फरक पडतो हे कुणी मांडून दाखवत नाही. ते मांडायला बसलो आणि मग प्रकरण हातातून सुटेना.

पहिला फरक एककाचा. या राऊटरचा ‘जीबी’ हा २^३० बाइटचा होता, म्हणजे खरं तर जीआयबी. आमचं बिलिंग १०^९ चा जीबी धरतं. दोन्हींत ७.३७ टक्क्यांचं अंतर आहे. राऊटरचे ६४० म्हणजे आमचे ६८७. (टीबीच्या पातळीवर हेच अंतर जवळजवळ १० टक्के होतं. प्लॅनच्या कागदावर कोणता जीबी ते एका ओळीत लिहायला हवं, आणि ते क्वचितच लिहिलेलं असतं.)

दुसरा फरक वेष्टनाचा. राऊटर आयपी पॅकेट मोजत होता. आमचा बीएनजी, म्हणजे ग्राहकाचं सेशन जिथे संपतं ते यंत्र, पूर्ण इथरनेट फ्रेम मोजतो. १४९२ बाइटच्या भरलेल्या पॅकेटवर पीपीपीओईचे ८, इथरनेटचे १४ आणि दोन व्हीलॅन टॅगचे (नेटवर्कचे भाग ओळखायच्या खुणांचे) ८ असे ३० बाइट चढतात, म्हणजे २ टक्के. पोचपावतीसारख्या छोट्या पॅकेटवर हे प्रमाण पन्नास टक्क्यांच्याही वर जातं, पण त्यांचा एकूण वाटा कमी. सरासरी दोन टक्क्यांच्या थोडी वर. आणखी १५ जीबी धरा. झाले ७०२.

यापुढे समजुतीने देण्यासारखं काही उरत नव्हतं आणि ३०१ जीबींचा हिशेब लागायचा होता. वापर ग्राहकाचाच नसेल ही शंका तपासली: त्या नावाने एका वेळी एकच सेशन, एकच मॅक पत्ता (उपकरणाची ओळख), एकच ओएलटी पोर्ट (फायबरचं आमच्याकडचं टोक). बाहेरून न मागता आलेला कचराही कोट्यात मोजला जातो, पण पोर्ट चाळणाऱ्यांची पॅकेट महिन्याला इतकी होत नाहीत; आणि मोठा हल्ला झाला असता तर ओएलटीच्या आलेखावर टेकाड दिसलं असतं.

मग त्या सेशनच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदी उघडल्या. बीएनजी दर पंधरा मिनिटांनी रेडियस अकाउंटिंगचा (वापर कळवण्याच्या ठरलेल्या पद्धतीचा) ‘इंटरिम अपडेट’ पाठवतो, दिवसाला ९६. त्यात सेशन सुरू झाल्यापासूनचे एकूण बाइट असतात. मागच्या नोंदीशी वजाबाकी करून त्या पंधरा मिनिटांचा वापर काढायचं काम बिलिंगचं. नवख्याने इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. ‘इनपुट’ आणि ‘आउटपुट’ हे शब्द बीएनजीच्या बाजूने आहेत. इनपुट म्हणजे ग्राहकाचं अपलोड, आउटपुट म्हणजे डाउनलोड.

अपलोडच्या रकान्यात ११५ एमबी, ११४, ११६, ११५ अशी सरळ रेघ होती. १ एमबीपीएसचा कॅमेरा पंधरा मिनिटांत ११२.५ एमबी पाठवतो, वर वेष्टन, अगदी बरोबर. आणि मधूनच एक नोंद: ४१८० एमबी, तिच्या अलीकडे-पलीकडे २३०-२३०. पुन्हा ११५, ११४. संध्याकाळी पुन्हा ४१८०.

पंधरा मिनिटांत ४.१८ जीबी वर जायला ३७ एमबीपीएस लागतात. लाइन ३० ला बांधलेली आहे. ३० एमबीपीएसने पंधरा मिनिटांत जास्तीत जास्त ३.३८ जीबी जाऊ शकतात. म्हणजे ही नोंद कुणाच्याही वापराची असणं शक्यच नव्हतं. शिवाय ४१८० मध्ये ११५ मिळवले की ४२९५ होतात, आणि तो आकडा या धंद्यातला कुणीही ओळखेल: २^३२, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ बाइट.

रेडियस अकाउंटिंगचं वर्णन आरएफसी २८६६ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आहे, जून २००० च्या. त्यातला बाइट मोजायचा रकाना ३२ बिटांचा आहे. ४.२९ जीबी भरले की तो गाडीच्या किलोमीटर काट्यासारखा पुन्हा शून्यावर येतो. ही अडचण तेव्हाही माहीत होती. त्याच महिन्यात आलेल्या आरएफसी २८६९ मध्ये ‘गिगावर्ड्स’ नावाचे दोन जादा रकाने दिले आहेत, क्रमांक ५२ आणि ५३. काटा किती वेळा फिरला ते त्यात असतं. खरा वापर काढायचा तर गिगावर्ड्स गुणिले २^३२, अधिक ऑक्टेट्स, म्हणजे त्या ३२ बिटांच्या रकान्यातला आकडा. आमचा बीएनजी हे दोन्ही रकाने इमानेइतबारे पाठवत होता. बिलिंगची आयात करणारी स्क्रिप्ट ते वाचतच नव्हती. तिच्यात त्याऐवजी एक अटकळ होती: नवा आकडा जुन्यापेक्षा लहान दिसला तर काटा फिरला असं समजायचं आणि २^३२ मिळवायचे.

तांब्याच्या तारेच्या काळात ही अटकळ चालून गेली. त्या तारेवरच्या एडीएसएल२+ चा कमाल वेग २४ एमबीपीएस. पंधरा मिनिटांत २.७ जीबी. काटा दोन नोंदींमध्ये एकदाच फिरू शकतो, दोनदा कधीच नाही. फायबर आलं, प्लॅनचे वेग बदलले, कोट्याचे आकडे बदलले, मोजणारी स्क्रिप्ट तीच राहिली.

पण आकडा लहान दिसायचं आणखी एक कारण असू शकतं: नोंदी उलट्या क्रमाने येणं. रेडियस अकाउंटिंग यूडीपी या पॅकेट नुसती सोडून देणाऱ्या पद्धतीने, पोर्ट १८१३ वर चालतं, क्रमाची हमी नाही. बीएनजीला मुख्य सर्व्हरकडून वेळेत उत्तर मिळालं नाही तर तो तीच नोंद दुय्यम सर्व्हरला देतो. आमचा दुय्यम सर्व्हर ती फाइलमध्ये साठवून दर अर्ध्या तासाने गठ्ठ्याने पुढे ढकलायचा. संध्याकाळी मुख्य सर्व्हरवर ताण आला की काही नोंदी या आडवाटेने जायच्या आणि आपल्या नंतरच्या नोंदीच्याही मागून पोचायच्या.

आता हिशेब करून बघा. काटा क्रमाने १.००, १.५६, २.१२, २.६८ जीबी असा वाढतोय. पोचताना क्रम झाला १.००, २.१२, १.५६, २.६८. पहिली वजाबाकी १.१२. दुसरी उणे ०.५६, स्क्रिप्ट म्हणते काटा फिरला, मिळवा ४.२९, झाले ३.७३. तिसरी पुन्हा १.१२. बेरीज ५.९७. खरा वापर १.६८. जास्तीचे बरोबर ४.२९. मधले आकडे काहीही असोत, एका उशिराच्या नोंदीमागे चूक नेमकी २^३२ चीच होते, आणि ती दोन्ही दिशांना वेगवेगळी. डाउनलोडमध्ये ती लपून जाते, कारण तिथला वापर मुळातच वरखाली असतो. कॅमेऱ्याची सरळ रेघ नसती तर ती माझ्याही डोळ्यांत भरली नसती.

या ग्राहकाच्या १९ दिवसांत ३३ नोंदी उशिरा आल्या होत्या. दोन दिशा धरून ६६ वेळा खोटा फेरा. ६६ गुणिले ४.२९५ म्हणजे २८३.५ जीबी. उरलेले १७-१८ जीबी राऊटरच्या बाजूचे निघाले: तो आपले आकडे दिवसातून एकदाच साठवायचा, आणि वीज गेली की त्या दिवसाचे तोवरचे विसरायचा. खरा वापर सुमारे ७२० जीबी. कोटा संपलाच नव्हता.

हा दोष त्या बीएनजीवरच्या प्रत्येक चालू सेशनला लागू होता. तरी ओरड नव्हती, कारण महिन्याला दीडशे जीबी वापरणाऱ्याला चारशे दिसले तरी तो पोर्टल उघडतच नाही. कोट्याच्या जवळपास असणाऱ्यालाच दुखतं, आणि त्याला ‘जास्त वापरणारा’ म्हणून आधीच बाजूला काढलेलं असतं.

उलटी बाजू अजून मजेशीर. ३८ एमबीपीएसच्या वर सलग पंधरा मिनिटं वेग राहिला, तर काटा दोन नोंदींमध्ये पूर्ण फेरा मारून पुढे जातो आणि स्क्रिप्टला तो फेरा दिसत नाही. १०० एमबीपीएसने पंधरा मिनिटांत ११.२५ जीबी जातात. स्क्रिप्टला त्यातले २.६६ दिसतात. १ जीबीपीएसवर काटा ३४ सेकंदांत फिरतो. म्हणजे महागड्या वेगवान प्लॅनवर मोठमोठ्या फाइली ओढणारे कमी मोजले जात होते आणि मध्यम प्लॅनवर कॅमेरा लावून बसलेले जास्त. कोटा किती ठेवायचा हे ठरवताना दरविभाग हेच आकडे समोर ठेवत होता.

कोट्याबद्दल माझं मत आधीपासूनच फारसं चांगलं नाही. जीपॉनच्या एका पोर्टची २.४८८ जीबीपीएस उतरती क्षमता ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. वरचा ट्रान्झिट, म्हणजे मोठ्या कंपनीकडून घेतलेली इंटरनेटची जोडणी, बहुतेक ठिकाणी ९५ टक्केमानाने मोजतात: दर पाच मिनिटांचा एक नमुना, तीस दिवसांचे ८६४०, त्यातले सर्वांत वरचे ४३२ सोडून द्यायचे आणि पुढच्यावर बिल. म्हणजे ३६ तासांची शिखरं माफ. पहाटे तीनला कुणी २०० जीबींचा बॅकअप चढवला तर आमचा खर्च एका पैशाने वाढत नाही; रात्री नऊला सगळ्यांनी एकदम व्हिडिओ लावले की वाढतो. महिन्याचा कोटा दोन्हीला एकाच मापाने मोजतो. तो गर्दीवरचा उपाय म्हणून विकला जातो, प्रत्यक्षात स्वस्त आणि महाग प्लॅनमधली भिंत म्हणून कामाला येतो. तशी भिंत घालायला हरकत नाही, पण मग ती मोजून तरी घालावी.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. ५२ आणि ५३ हे रकाने वाचायला घेतले. नोंदी पोचण्याच्या वेळेऐवजी घडण्याच्या वेळेने लावल्या. इव्हेंट-टाइमस्टॅम्प, म्हणजे रकाना ५५, असेल तर तो, नाहीतर पोचण्याच्या वेळेतून रकाना ४१ मधला विलंब वजा. बीएनजी आणि सेशन क्रमांक मिळून एक किल्ली धरली, म्हणजे एकच नोंद दोन वाटांनी आली तरी एकदाच मोजली जाते. वजाबाक्यांची बेरीज करणं सोडून प्रत्येक सेशनचा सर्वांत मोठा आकडा घ्यायचा ठरवलं. बिलिंगचा महिना सेशनच्या मधोमध बदलतो तिथे त्या सीमेवरचा आकडा वजा करायचा. आणि एक कुंपण: कोणत्याही अंतरात प्लॅनच्या वेगाला शक्य त्यापेक्षा जास्त वापर दिसला तर तो कोट्यात न धरता माणसाकडे पाठवायचा. हे कुंपण आधीपासून असतं तर दोष पहिल्याच आठवड्यात सापडला असता.

तुम्हाला स्वतःच्या लाइनवर ताडून बघायचं असेल तर रात्री बाकी सगळी उपकरणं काढा, कॅमेरा आणि फोनचे बॅकअपही. पोर्टलवरचा आकडा टिपा, तारेने जोडलेल्या संगणकावर नेमक्या आकाराची एखादी मोठी फाइल उतरवा, १० जीबीच्या आसपास, आणि पोर्टल अद्ययावत व्हायला तासभर थांबा. मोजणीत फ्रेमची वेष्टनं आणि अपलोडच्या पोचपावत्या धरल्या तर पाच-आठ टक्के जास्त दिसणं रास्त आहे. फरक ४.२९ च्या पटीत आला तर तेवढंच लिहून कळवा. पलीकडे जाणकार असेल तर त्याला पुढचं सांगावं लागणार नाही. राऊटरच्या आकड्यावर मात्र एकट्यावर विसंबू नका. काही राऊटर वेगासाठी पॅकेट थेट चिपमधूनच पुढे ढकलतात आणि ती मोजायचीच राहतात.

त्या ग्राहकाचा वेग त्याच दिवशी पूर्ववत केला. बाकीच्यांचा हिशेब नव्याने लावताना पंधरा मिनिटांच्या मूळ नोंदी फक्त तीन महिन्यांच्या हाती होत्या. त्याआधीच्या रोजच्या बेरजा करून नोंदी पुसलेल्या. बेरजेतून क्रम परत मिळत नाही, म्हणून त्या काळात ज्यांनी ज्यांनी जादा डेटा विकत घेतला होता त्यांना ते पैसे सरसकट पुढच्या बिलात वळते केले. कमी मोजले गेलेल्यांकडून मागचं काहीच वसूल केलं नाही. नव्या मोजणीने त्यांचा कोटा महिन्याच्या मध्यावर संपणार होता, तेव्हा त्यांना आधी दोन महिने नुसता खरा आकडा दाखवला आणि मर्यादा त्यानंतर लागू केली.